राजकन्येचा ताप

जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर एक कुत्रं तुमच्या अंगावर झेपावतं. ओरडू नका. हेगमधल्या या वाड्यात कुत्री आणि माकडं राणीसाहेबांना पोटच्या मुलांहून लाडकी आहेत. राणी बोहेमियाची, पण राज्य १६२० मध्येच गेलं, राजा १६३२ मध्ये वारला, आणि हा दरबार हॉलंडच्या आश्रयाला उधारीवर चालतो. साल १६४३, मे महिन्याची सोळा तारीख.

वर जा. थोरली राजकन्या एलिझाबेथ पत्र लिहिते आहे. वय २४. लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान यांच्या नादामुळे घरचे तिला ‘ग्रीक’ म्हणतात. फ्रेंच तुम्हांला येतं असं धरून चालू. तिच्या खांद्यावरून वाचा.

पत्र तत्त्वज्ञ रने देकार्तला आहे. तो भेटायला येणार होता, योग आला नाही, म्हणून आधी हळहळ. मग सरळ प्रश्न. दोन वर्षांपूर्वीच्या ग्रंथात देकार्तने आत्मा आणि मन यांच्यात फरकच ठेवला नाही: विचार करणं हाच आत्म्याचा सगळा स्वभाव. शंका, इच्छा, कल्पना, सगळं त्याचंच. तो जागा व्यापत नाही. जागा व्यापतं ते शरीर. एलिझाबेथ विचारते, ढकलायला स्पर्श लागतो आणि स्पर्शाला आकार लागतो, मग हा बिनआकाराचा आत्मा माझा हात हलवतो कसा?

तुम्ही मनातल्या मनात हसता. आपल्याकडे सांख्यांनी मनाला केव्हाच प्रकृतीच्या खात्यात टाकलं आणि पुरुषाला, म्हणजे आत्म्याला, नुसतं बघत ठेवलं, हे तिला सांगावंसं वाटतं. सांगू नका. ती लगेच विचारेल, नुसत्या बघणाऱ्याला मग दुःख कशाचं? आणि तुम्ही जिन्याकडे बघायला लागाल.

महिनाभर पुढे या, २० जून. देकार्तचं उत्तर येऊन गेलंय. त्यात वजनाचा दाखला आहे: दगडाला त्याचं वजन खाली नेतं, तेव्हा एका पृष्ठभागाने दुसऱ्याला रेटलं असं आपण मानत नाही ना? राजकन्येला हे पटलेलं नाही. पत्रात ती आधी घरच्या जबाबदाऱ्या आणि टाळता न येणाऱ्या भेटीगाठी यांवर खापर फोडते. विचाराला निवांतपणाच मिळत नाही म्हणते. (ही सबब म्हणून वाचू नका. बावीस वर्षं परक्याच्या गावी राहिलेल्या कुटुंबातली थोरली मुलगी लिहिते आहे.) मग खरा घाव. नीट विचार करण्याची सवय असलेला माणूस शरीरातल्या वाफांनी बुद्धी हरवून बसतो. शरीराशी ज्याचं काहीच समान नाही, जो शरीरावाचून राहू शकतो, त्या आत्म्यावर शरीराची एवढी सत्ता कशी? बिनआकाराची वस्तू शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच आकार आहे असं मानणं मला सोपं वाटतं, असंही ती लिहून टाकते.

माझ्या मते देकार्त इथेच अडकला. हात कसा हलतो, हे कोडं एखाद्या युक्तीने बाजूला ठेवता येतं. तापात भ्रमलेलं डोकं तसं ठेवता येत नाही. आत्मा म्हणजेच मन असेल, तर मनाची पडझड ही आत्म्याचीच पडझड. २८ जूनच्या उत्तरात तो सल्ला देतो की अध्यात्माच्या विचाराला वर्षातले थोडेच तास द्यावेत. आत्मा आणि शरीराची जोडी रोजच्या जगण्यातून, गप्पागोष्टींतून जास्त नीट समजते, म्हणतो.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो. एलिझाबेथचं नाक अधूनमधून लालबुंद होतं आणि मग ती लोकांसमोर यायला तयार नसते. बहीण लुईझ आईकडे चल म्हणाली, तेव्हा या नाकाने कशी येऊ, असं हिने विचारलं. त्यावर, दुसरं नाक येईपर्यंत थांबणार का, असा लुईझचा टोला. धाकटी सोफी हा किस्सा पुढे आठवणींत लिहिणार आहे. भूमिती सोडवणारी बुद्धी एका नाकापायी खोलीत कोंडली जाते.

आता १६४५. ती अंथरुणात आहे. बारीक ताप, कोरडा खोकला. देकार्त लिहितो, अशा तापाचं नेहमीचं कारण म्हणजे दुःख. आपल्यालाही आईकडून कोरडा खोकला आणि फिकटपणा मिळाला होता. गोष्टींची चांगली बाजू बघायची सवय लावून घेतली आणि तो गेला, असा स्वतःचा अनुभवही कळवतो. ती लिहिते की माझ्या शरीरावर आत्म्याच्या दुःखांचा चटकन परिणाम होतो, आणि त्यातून सावरण्याचं बळ त्याच्यात नाही. स्पा या गावच्या झऱ्याचं पाणी प्यायचं, उदास विचार टाळायचे, असे उपचार ठरतात. दोन वर्षांपूर्वी कागदावर विचारलेला प्रश्न आता वैद्याच्या पथ्यात आहे.

आणखी एका वर्षाने, एप्रिल १६४६ मध्ये, देकार्तच्या भावनांवरच्या नव्या लेखनाचा कच्चा खर्डा तिच्या हातात असतो. प्रत्येक भावनेबरोबर रक्त कसं हलतं, ते त्यात मांडलंय. ती परत लेखणी उचलते: भावना कधी एकेकट्या येतच नाहीत, मग कुठल्या भावनेचं रक्त कुठलं, हे तुम्ही वेगळं काढलंत कसं?