दास्यविमोचन आणि धन्यांची नुकसानभरपाई

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली संमत केलेला दास्यविमोचनाचा कायदा मानवतावादी चळवळीचा विजय म्हणून गौरविला जातो. हा गौरव अस्थानी नव्हे. तथापि त्याच कायद्याने गुलामांच्या धन्यांसाठी २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे दोनपंचमांश एवढी ही रक्कम होती. मुक्त झालेल्यांस मात्र एक पैही मिळाली नाही.

यामागील तत्त्व सरळ होते. हानी ज्याची, भरपाई त्याला; आणि कायद्याच्या दृष्टीने हानी झाली होती ती मालमत्ता गमावणाऱ्याची. १८२२ ते १८३० या काळातील विक्रीच्या किमती प्रमाण मानून प्रत्येक वसाहतीचा दर ठरला. ब्रिटिश गियानातील नव्या, सुपीक मळ्यांवरील गुलामामागे सरासरी सुमारे ५१ पौंड पडले. जमैकात २० पौंडही पडले नाहीत. मनुष्याचे मोल उसाच्या जमिनीवरून ठरत होते. सुमारे ४६,००० दावे दाखल झाले. ब्रिटनमध्येच राहणारे दावेदार सुमारे ३,००० होते; परंतु जवळजवळ निम्मी रक्कम त्यांच्या हाती गेली.

या व्यवहाराचा भार दोघांवर पडला. १८३५ साली रॉथ्सचाइल्ड प्रभृतींकडून दीड कोटी पौंडांचे कर्ज काढण्यात आले. त्याचे अवशेष सामावलेले सरकारी रोखे २०१५ साली फिटले. दुसरा भार खुद्द मुक्तांवर होता. १ ऑगस्ट १८३४ नंतरही सहा वर्षे व त्यांवरील वयाच्या बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच धन्याकडे राबावे लागले. मळ्यावरील मजुराला आठवड्यास ४५ तासांपर्यंत बिनमोल श्रम करावे लागत. १८३८ साली ही पद्धत संपली. म्हणजे रोकड भरपाईखेरीज धन्यांना श्रमरूपानेही भरपाई मिळाली, आणि ती गुलामांनीच दिली.

जॉन ग्लॅडस्टन याचे उदाहरण बोलके आहे. २,५०० हून अधिक गुलामांबद्दल त्याला १,०६,००० पौंडांवर रक्कम मिळाली. उमेदवारी संपण्याच्या सुमारास, १८३८ च्या मे महिन्यात, त्याच्याच खटपटीने कलकत्त्याहून करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली जहाजे गियानास पोहोचली. दास्य संपले, पण मळ्याची गरज संपली नव्हती.

सारांश, मनुष्य ही मालमत्ता नव्हे, असे या कायद्याने म्हटले नाही. ती मालमत्ता सरकारने विकत घेऊन मुक्त केली, एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणूनच भरपाईच्या नोंदवह्या, ज्या धन्यांचे हक्क शाबीत करण्यासाठी लिहिल्या गेल्या, त्या आज त्यांच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरल्या आहेत.