पाणी अडवा, दार जिरवा

आमच्या घरी एक डुक्कर आहे. दचकू नका, गाडी आहे. १९५५ सालची फियाट ११००. इटलीत हिला मिलेचेंतो म्हणत, आपल्याकडे डुक्कर फियाट. समोरून एकदा पाहिली की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

कूळ मात्र थोर. १९४४ साली पंडित नेहरू आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत बसून भारताचा शोध घेत होते, त्याच वर्षी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लिमथ जुळवल्या, मग फियाटशी सोयरीक झाली. डुकरामागून डिलाइट आली, १९७४ मध्ये पद्मिनी आली. आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीसुद्धा दिसेनाशी झाली. आमचं डुक्कर अजून उभं आहे. 'चालतं' म्हणालो नाही मी.

दादांनी ते १९६८ साली मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलं. पुढची दारं उलटी, बिजागऱ्या मागच्या अंगाला. चढायला ऐसपैस, पण धावत्या गाडीत कडी निसटली तर वारा अख्खं दार हिसकावून घेणार. त्यामुळे आईने नगर-पुणे हा प्रवास जन्मभर दार हाताने ओढून धरूनच केला.

परवा त्याच दाराच्या खालच्या कडेवर मी अंगठा टेकवला आणि अंगठा आत गेला. आमच्या गावच्या टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. तिच्या पत्र्याने गोळ्या अडवायच्या, आमच्या पत्र्याला अंगठा अडवेना!

गंजाचं खापर आमच्या घरात पन्नास वर्षं त्या पारशी गृहस्थावर फुटत आलं आहे. मुंबईची खारी हवा, दुसरं काय? नगर जिल्ह्यात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे लोखंडाला गंजायला कुठून मिळणार?

मिस्त्रींना म्हटलं, "लांबी भरा, रंग मारा, संपवा."

"लांबीवर महिनाभर झकास दिसेल साहेब. पावसाळ्यात परत पोपडे. गंज आतून येतोय."

त्यांनी दाराचं आतलं अस्तर काढलं. काचेच्या रबरापासून पाणी दारात उतरतंच, म्हणून तळाशी ते निघून जायला भोकं ठेवलेली असतात. आमच्या दाराची भोकं लांबीने बुजवलेली होती. अगदी नीट, बोटाने दाबून, वर हात फिरवून.

तो हात मी ओळखला. १९७२ चा दुष्काळ. गाडीत धूळ येते म्हणून दादा एका रविवारी गाडीखाली आडवे झाले होते आणि आठ वर्षांचा मी डालड्याच्या डब्यात कालवलेली लांबी धरून बाजूला उभा होतो. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार पाणी अडवण्यासाठी पुढे देशभर गाजले. आमच्या दादांनी त्यांच्याही आधी अडवलं होतं, दारात.

दादा आता नव्वदीचे. ओट्यावरच्या खुर्चीतून त्यांनी विचारलं, "काय निघालं रे?"

मी गप्प. मिस्त्री मोठे चतुर. म्हणाले, "पहिल्या मालकाची करामत, दादा."

दादा काठी टेकत आले. वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "त्याची नाही. माझी आहे. धूळ फार यायची." आणि थोड्या वेळाने, "उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्याला."

पुढचे चार दिवस खुर्ची अंगणात. मिस्त्रींनी खालचा चार बोटं पत्रा कापून काढला, चांगल्या पत्र्यापर्यंत गंज घासला, वीस गेजची नवी पट्टी बसवली. वेल्डिंग सलग नाही, थेंबाथेंबाने. इथे एक टाका, मग तिकडच्या टोकाला एक. एका जागी तापवला तर पत्रा पापडासारखा वाकतो. कडा दुमडून ठोकली, आतून रेड ऑक्साइड फासलं. भोकं पाडताना मात्र दादा स्वतः जवळ उभे राहिले आणि तीनदा मोजली.

अस्तर लावायच्या आधी त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं आणि काचेवर ओतलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून तीन धारा लागल्या.

"पाणी जपून वापरा," आतून हिचा आवाज आला.

दादांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाले, "आणखी एक आण."