फेब्रुवारीचे तीनशे रुपये

आम्हां प्राध्यापकांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार होतात. आयकरावर तावातावाने बोलणारे आपण या रकमेकडे सहसा पाहत नाही. वास्तविक तिच्यामागे महाराष्ट्राचा एक विलक्षण प्रयोग उभा आहे.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणविषयक जागतिक परिषद भरली. दारिद्र्य हेच मोठे प्रदूषण नव्हे काय, असा प्रश्न इंदिरा गांधींनी तेथे विचारला. त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस हुकला आणि लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना आता राज्याचा आधार झाली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी कायदा १९७९ मध्ये अमलात आला. शहरी पगारदाराच्या पैशातून खेड्यात पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती उभी राहिली. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये रूढ करण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

विचाराचे मूळ त्याहून जुने आहे. डोंगरावरून वाहून जाणारी माती शेतात राहावी म्हणून सरकारने लष्कर व पोलिसांच्या फावल्या श्रमातून बांध घालावेत, असे जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच सुचवले होते. वर्गात आपण हा ग्रंथ विद्रोहाचा म्हणून शिकवतो. तो मृदसंधारणाचाही आहे, हे सांगायचे राहून जाते.

मग उणे कोठे राहिले? मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या कोरडवाहू मुलखात बांध ही शेतकऱ्याची ठेव असते. पण तलाव गाळाने भरतो, सांडवा फुटतो. योजनेचा हिशेब मात्र मनुष्यदिवसांत होई; दहा वर्षांनी पाणी किती उरले, याचा रकाना त्यात नव्हता. पुढे याच जिल्ह्याने ‘बुलढाणा पॅटर्न’ दिला: महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतील माती-मुरूम विनामूल्य न्यावा, बदल्यात जलसाठे खोल व्हावेत. कल्पना चतुर आणि उपयुक्त. तरीही रस्त्याला मातीची गरज पडली तेव्हा तलावाचा गाळ निघाला, यातच आपल्या अंदाजपत्रकाचे व्यंग उघड होते.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढवण्यात त्याचा परिणाम अल्प झाल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० मध्ये नोंदवले. विकसनशील देशांनी पर्यावरणावर किती खर्च करावा, याची चर्चा पुष्कळ होते. आपला इतिहास सांगतो की खरी कसोटी पहिल्या खर्चानंतर, उद्घाटनाचा फलक गंजू लागल्यावर सुरू होते.

व्यवसाय कराची अडीच हजारांची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे यांत केवढे अंतर पडले, हे पगार मोजणाऱ्यांना सांगावे लागू नये. दुष्काळात शहराने खेड्याशी केलेल्या कराराची ती खूण आहे. फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसले, की त्या कराराची आपली बाजू आपण किती पाळली, एवढे तरी स्वतःला विचारावे.