वाकळीवरचे नाव

कार्ल्याच्या चैत्यगृहात पहिल्यांदा गेले ती शिल्पे पाहायला. आता जाते ती नावे वाचायला. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे लेणे पुरे केले, असे तिथला ब्राह्मी लेख सांगतो. ते ठीकच, पैसेवाल्याचे नाव राहतेच. पण धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव तिथे कोरलेले आहे, बापाच्या नावासकट. दाराचे काम त्याचे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळात कारागिराचे नाव दगडावर चढले होते.

मग आमच्या वाकळींवर ते का नाही? हा प्रश्न मला कार्ल्यात पडला नाही, पडला तो एका अमेरिकी चित्रकर्तीमुळे.

लोईस मेलू जोन्स (१९०५–१९९८) बॉस्टनची. कलाशिक्षण झाल्यावर ही कृष्णवर्णीय तरुणी पडद्यांच्या आणि खुर्च्यांच्या कापडासाठी नक्षी काढी. एकदा एका सजावटकाराकडे तिला आपलीच नक्षी खुर्च्यांवर चढलेली दिसली. ती हिची, यावर त्याचा विश्वास बसेना. कापडावर नाव असे ते नक्षीचे, काढणारीचे नाही. नाव राहावे म्हणून ती चित्रांकडे वळली. १९३० पासून १९७७ पर्यंत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तिने शिकवले. पण चित्रांतही नाव सुखाने लागले नाही. १९४१ साली त्याच शहरातल्या कॉर्कोरन कलादालनाच्या स्पर्धेत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, म्हणून तिने गोऱ्या मैत्रिणीच्या हातून चित्र पाठवले. त्याला बक्षीस मिळाले! कॉर्कोरनने जाहीर माफी मागितली ती १९९४ मध्ये; तेव्हा बाई नव्वदीला टेकल्या होत्या.

१९७० मध्ये तिने आफ्रिकेतले अकरा देश पाहिले आणि त्यानंतरच्या चित्रांत कापडाची नक्षी परत आली. १९७२ च्या ‘उबी गर्ल फ्रॉम ताई रीजन’मध्ये रंगवलेल्या चेहऱ्याभोवती मुखवटे आणि भौमितिक पट्टे आहेत. ते पट्टे मला लुगड्याच्या काठांसारखे वाटले. माझे हे वाटणे पुरावा नव्हे, हे कबूल.

तरी गेल्या पावसाळ्यात लोणावळ्यात, घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य असताना, मी त्या पट्ट्यांवरून वाकळ शिवायला घेतली. कागदावर पट्टीने आखून सगळे त्रिकोण एकाच मापाचे कापले आणि फसले. विरलेले लुगडे ताणले जाई, खण ताठ राही. चार ओळींतच सुरकुत्या. शेजारच्या मावशींनी ते पाहिले. “आधी चिंदी बघ, मग काप. जुनं कापड वढतं गं.” मग आम्ही दोघी बसलो. खाली धोतराचे थर, वर तुकडे, आणि धावदोरा काठाकडून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही आपली ‘कवंदी’ अशीच बाहेरून आत शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. आणि भूतपालाची वैजयंती, म्हणजे बनवासी, त्याच जिल्ह्यातली. दोन्हींत काही धागा आहे असे मी म्हणत नाही. नकाशावर बोट मात्र थांबते.

वाकळ पुरी व्हायला श्रावण उलटला. एका कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने माझे नाव घातले आणि मावशींना म्हटले, आता तुमचे घाला. त्यांनी सुई घेतली, दोरा ओवला, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

“कुठलं घालू?” त्यांनी विचारले. “म्हायेरचं, का लग्नात बदललेलं?”