‘केअरफुल’ माणूस एके काळी दुःखी असे

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गात सतराव्या शतकातील इंग्रजी गद्याचे वाचन चालू होते. राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेने सिद्ध होऊन १६११ साली छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलमधील एक उतारा माझ्या वाट्याला आला. संत पॉलने फिलिप्पै येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातला. त्यात ‘केअरफुल’ हा शब्द नकारार्थी वाक्यात येतो. पॉल म्हणतो, कशाचीही काळजी घेऊ नका, असा अर्थ मी मोठ्या आत्मविश्वासाने लावला. तेवढ्यावर न थांबता आरंभीच्या ख्रिस्ती समाजाच्या ऐहिक बाबींविषयीच्या बेपर्वाईवर दोन पाने लिहून दिली. पाने परत आली तेव्हा समासात एवढेच होते: ‘घेऊ’ नव्हे, ‘करू’.

एका क्रियापदाने दोन पाने वाया घालवली. मूळ ग्रीक क्रियापद चिंता करणे, मन ओढग्रस्त होणे या अर्थाचे आहे. म्हणजे पॉल सावधगिरी सोडायला सांगत नव्हता. तो धीर देत होता. १६११ च्या वाचकाला ‘केअरफुल’ या शब्दातून सावध माणूस दिसे, तसाच चिंतेने पोखरलेला माणूसही दिसे. याच बायबलमध्ये पाहुणचाराच्या धावपळीत त्रासून गेलेल्या मार्थेलाही येशू ‘केअरफुल’ म्हणतो. तिची स्तुती करण्याचा त्याचा हेतू मुळीच नाही.

मित्रहो, आजचा थ्रेड या शब्दाविषयी आहे.

‘केअर’चे जुन्या इंग्रजीतील रूप ‘चेआरू’. त्याचा मुख्य अर्थ दुःख, शोक, मनाला लागलेला घोर. ‘केअरफुल’ म्हणजे दुःखाने भरलेला. एखाद्याविषयी जीव लागलेला आणि म्हणून त्याच्याकडे लक्ष देणारा, हा अर्थही फार जुना आहे; तो नंतर कोणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही. जिथे जीव गुंततो तिथे घोर लागतो आणि जिथे घोर लागतो तिथे माणूस जपून वागतो. एकाच साखळीच्या या कड्या आहेत. फरक एवढाच की, तेव्हा वजन पहिल्या कड्यांवर होते आणि आज ते सगळे शेवटच्या कडीवर आले आहे.

पहिल्या कड्यांचे वजन पाहायचे असेल तर एक्झेटर येथील कॅथीड्रलमध्ये चला. तिथे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेले एक हस्तलिखित जपून ठेवले आहे. बिशप लिओफ्रिक याने अकराव्या शतकात ते कॅथीड्रलला दिले. जुन्या इंग्रजी काव्याचा मोठा ठेवा त्यातच आहे. त्यातील एका कवितेचा नायक समुद्रावरचा एकाकी खलाशी आहे. रात्री गलबताच्या नाळेवर पहारा करताना त्याचे पाय हिमाने जखडले जातात, पण हृदयाभोवती ‘चेआरू’ मात्र धगधगत असते. या दुःखासाठी कवी एक जोडशब्दही वापरतो: ‘ब्रेओस्ट-चेआरू’, म्हणजे छातीतली केअर. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला आपली ‘काळजी’ आठवली. आपणही हा शब्द काळजापासून फार दूर नेलेला नाही.

ही शोकाची छटा जर्मनीत अजूनही दिनदर्शिकेवर छापली जाते. ज्याला आपण गुड फ्रायडे म्हणतो, त्याला जर्मन माणूस ‘कारफ्रायटाग’ म्हणतो. यातला ‘कार’ म्हणजे विलाप आणि तो ‘केअर’चा सख्खा भाऊ. उत्तर इंग्लंडमध्येही ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारला ‘केअर संडे’ म्हणत. सावधगिरीचा रविवार असा त्याचा अर्थ लावणारा माझ्याच पंक्तीत बसेल.

येथे आणखी एका सापळ्याविषयी सांगितले पाहिजे. लॅटिनमध्ये ‘क्यूरा’ असा शब्द आहे आणि त्याचाही अर्थ चिंता, देखभाल असाच. रूप सारखे, अर्थ सारखा, तेव्हा ‘केअर’ त्यातूनच निघाला असणार, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. ‘केअर’ जर्मानिक कुळातला, ‘क्यूरा’ लॅटिन. दोघांची मुळे वेगळी. संग्रहालयाचा ‘क्युरेटर’ आणि ‘ॲक्युरेट’ ही मंडळी ‘क्यूरा’च्या घरातली. ‘सिक्युअर’ही त्याच घरातला. त्याचा मूळ अर्थ चिंतेपासून मुक्त. शेक्सपिअरच्या काळात ‘सिक्युरिटी’ म्हणजे गाफीलपणाही असे. ‘मॅकबेथ’मधील हेकटी सिक्युरिटीला माणसाचा सर्वांत मोठा शत्रू ठरवते, ते याच अर्थाने. आजच्या अर्थाने ते वाक्य वाचले तर ती वेडी ठरेल!

आता मुद्द्याची गोष्ट. मनातली व्यथा सांगणारा शब्द हळूहळू बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचा कसा झाला? शब्द बदलण्याचे एकच कारण दाखवणाऱ्याविषयी मी साशंक असतो. मात्र हा बदल लख्ख दिसतो अशी एक जागा आहे: न्यायालय.

१८३७ साली इंग्लंडमध्ये व्हॉन विरुद्ध मेनलव्ह हा खटला निकाली निघाला. मेनलव्ह याने आपल्या हद्दीच्या कडेला, शेजाऱ्याच्या घरांजवळ गवताची गंजी रचली. दमट गवत दाबून रचले की आतून तापते आणि आपोआप पेटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही लोकांनी त्याला सांगितले, पुन्हा पुन्हा, सुमारे पाच आठवडे. त्याच्या मालाचा विमा उतरवलेला होता. होईल ते होईल, अशा थाटात त्याने गंजी हलवली नाही. फक्त हवा जाण्यासाठी मधून एक धुराडे काढले. गंजी पेटली, त्याचे कोठार व तबेले जळाले आणि शेवटी व्हॉनची घरेही जळाली.

मेनलव्हच्या वकिलांचा बचाव मला फार लक्षवेधी वाटतो. आपला अशील प्रामाणिकपणे, आपल्या बुद्धीप्रमाणे वागला. त्याला फार बुद्धी नसणे हे त्याचे दुर्दैव, अपराध नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुन्या अर्थाची ‘केअर’ असती तर यात काही तथ्य निघाले असते, कारण तिथे प्रश्न मनाचा होता. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी तो फेटाळला. प्रत्येकाची बुद्धी मोजत बसलो तर मोजमाप माणसागणिक बदलेल. म्हणून साधारण शहाणा माणूस जेवढी दक्षता घेईल तेवढी प्रत्येकाने घेतली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. मेनलव्हच्या काळजात काय चालले होते, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य उरले नाही. त्याच्या गंजीशी होते.

हीच दृष्टी आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत दिसते. तिचे ५२ वे कलम सांगते की, ‘ड्यू केअर अँड अटेन्शन’ यांशिवाय केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे मानता येणार नाही. सद्भावना म्हणजे केवढी आतली गोष्ट. पण तिची परीक्षा बाहेरच्या दक्षतेवर. दंड संहितेच्या जागी २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या राहिली आहे.

इंग्रजीत जुना अर्थ मागे पडत गेला तेव्हा बायबलचे वाक्यही जुन्या अर्थाने कळेनासे झाले. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत विद्वानांनी पॉलच्या वाक्यातून ‘केअरफुल’ काढला आणि त्या जागी ‘अँक्शस’ घातला. मला दोन पानांनंतर जे कळले, ते त्यांनी तेव्हाच दुरुस्त करून ठेवले होते.

मराठीने मात्र दोन्ही अर्थ एकाच नामात ठेवून काम क्रियापदांकडे सोपवले. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो. आजी ‘काळजी करू नकोस’ म्हणते आणि दुसऱ्याच श्वासात ‘काळजी घे’ म्हणते, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. ‘निष्काळजी’ मात्र आपण फक्त दूषणासाठी राखला. मन मोकळे असलेल्याला आपण ‘निश्चिंत’ म्हणतो. इंग्रजीतही तसेच झाले. ‘केअरलेस’ जुन्या काळी चिंतामुक्त असे, पुढे तो हलगर्जी ठरला आणि मोकळ्या मनाच्या माणसासाठी ‘केअरफ्री’ हा वेगळा शब्द लागला.

‘क्यूरा’च्या घरातला ‘क्युरियस’ राहिला. जुन्या इंग्रजी लेखनात एखादी पेटी किंवा घड्याळ ‘क्युरियस’ असल्याचे वाचले, तर ते विचित्र होते असे लगेच समजू नका. बहुधा ते फार निगुतीने घडवलेले होते. त्याच्याविषयी पुढच्या थ्रेडमध्ये.