फिरकी चामड्यात नसते

पूल किंवा स्नूकर मन लावून खेळणाऱ्या कुणालाही विचारा, क्यूच्या टोकाला चामड्याचीच टिप हवी याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. कारण विचारलं तर उत्तर साधारण असं येतं. चामडं मऊ आणि तंतुमय असतं. आघाताच्या क्षणी ते किंचित दबतं, पांढऱ्या चेंडूला क्षणभर धरून ठेवतं आणि त्या धरण्यातून फिरकी येते. कृत्रिम टिप कडक आणि गुळगुळीत. ती चेंडूवरून निसटते, चॉक धरत नाही, हाताला काही सांगत नाही. ब्रेक मारायला किंवा जंप शॉटला ती चालेल, पण साइड (बाजूची फिरकी) आणि स्क्रू (उलटी फिरकी) यांचा खरा खेळ चामड्याचाच. आणि शेवटी दाखला येतो तो मोठ्या खेळाडूंचा: पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते चामड्याच्याच टिपेवर.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्यातली दोन विधानं खरी आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे. पण ज्या विधानावर बाकीचा सगळा भार टाकलेला आहे, ते म्हणजे धरून ठेवल्याने फिरकी येते हे, चुकीचं आहे. आणि ते चुकीचं असल्याचं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून झालेलं आहे.

गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस हे नाव आपल्याला वाऱ्यांच्या दिशा समजावून सांगणाऱ्या भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतं. त्याच कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. क्यू आडवा धरून मारलेल्या चेंडूला फिरकी किती मिळेल, हे त्या गणितात एकाच गोष्टीवर ठरतं: टिप चेंडूला मध्यापासून किती अंतरावर लागली. चेंडूच्या पृष्ठभागाचा फिरण्याचा वेग आणि चेंडूचा पुढे जाण्याचा वेग यांचं गुणोत्तर काढायचं, तर मध्यापासूनच्या अंतराला चेंडूच्या त्रिज्येने भागायचं आणि अडीचने गुणायचं. एवढंच. हा अडीचचा आकडा भरीव गोलाच्या वस्तुमानाच्या वाटणीतून येतो; टिपेतून येत नाही. टिप मऊ की कडक, स्पर्श किती वेळ टिकला, यातलं काहीही त्या सूत्रात नाही. कारण सोपं आहे. टिप जो धक्का देते तोच चेंडूला पुढे ढकलतो आणि तोच त्याला फिरवतो. स्पर्श लांबला म्हणून फिरवणारा भाग वाढत नाही आणि ढकलणारा भाग जागच्या जागी राहत नाही. दोन्ही एकाच धक्क्याचे परिणाम असल्याने एकमेकांच्या प्रमाणातच राहतात.

हे सूत्र खरं आहे की नाही, हे टेबलावर पाहता येतं. मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन-पंचमांश अंतरावर, म्हणजे चेंडूच्या उंचीच्या सात-दशांशावर मारलं, तर गुणोत्तर बरोबर एक येतं आणि चेंडू पहिल्या क्षणापासून न घसरता गडगडू लागतो. त्याच्या खाली मारलं की तो आधी कापडावर घसरतो. कोणतीही टिप लावा, ही जागा बदलत नाही.

आता त्या धरून ठेवण्याचा हिशोब करू. चामड्याच्या टिपेचा चेंडूशी स्पर्श साधारण एक ते दोन मिलिसेकंद टिकतो; कडक टिपेचा त्याहून कमी. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. तो सेकंदाला दोन मीटर वेगाने निघाला आणि टिप त्याला मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर लागली असं धरलं, तर त्या एका मिलिसेकंदात चेंडू फिरतो जेमतेम अडीच अंश. स्पर्श दीडपट लांबला तर पावणेचार अंश. टिपेने चेंडूला मुठीत धरून पिळल्याचं जे चित्र आपण मनात रंगवतो, त्याला या आकड्यांत जागाच नाही.

मग खेळाडूंचा अनुभव खोटा का? नाही. अनुभव खरा आहे, त्याचं कारण वेगळं आहे. फिरकी हवी असेल तर मध्यापासून दूर मारावं लागतं आणि फार दूर गेलं की टिप निसटते, मिसक्यू होतो. ही हद्द त्रिज्येच्या निम्म्याच्या आसपास येते. तिथे टिप आणि चेंडू यांच्यातला घर्षणगुणांक साधारण ०.६ लागतो, निम्म्या त्रिज्येवर होणाऱ्या तीस अंशांच्या कोनाची टॅन किंमत ०.५७७ आहे, तिथून तो येतो. म्हणजे टिपेकडून खेळाला मुख्य अपेक्षा एकच: घर्षण. आणि हे घर्षण नुसत्या चामड्याने मिळत नाही, चॉकने मिळतं. चॉक न लावता चामड्याच्या टिपेने कडेला मारून पाहणाऱ्याला ते लगेच कळतं.

हा चॉक कुठून आला? शिकागोतले बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि खरवडणारे कठीण कण होते. आजही टिपेवर घासतो ती निळी वडी म्हणजे बांधणीच्या द्रव्यात बसवलेले असे कठीण कणच. चामड्याची म्हणून ज्या पकडीचं कौतुक होतं, ती मुळात एका प्रयोगशाळेत तयार झालेली आहे. चामड्याचं काम तो चॉक धरून ठेवण्याचं. हे काम चामडं उत्तम करतं, यात वाद नाही. प्रश्न एवढाच उरतो की ते दुसऱ्या कशाला करता येईल की नाही.

चामड्याच्या बाजूने एक आणखी खरा अनुभव सांगितला जातो: नवी कृत्रिम टिप लावली आणि साइड कमी झाली. इथे मला गोलाईचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. टिपेचा माथा गोल असतो. अमेरिकेत तो निकेल किंवा डाइम या नाण्याच्या गोलाईला घासतात. क्यूची रेषा मध्यापासून दहा मिलिमीटर बाजूला नेली, तर टिप चेंडूला दहा मिलिमीटरवर लागत नाही, त्याहून आत लागते. किती आत, ते माथ्याच्या गोलाईवर ठरतं. निकेलच्या गोलाईला स्पर्श ७.३ मिलिमीटरवर होतो, डाइमच्या गोलाईला ७.६ वर. माथा सपाट, म्हणजे वीस मिलिमीटर त्रिज्येचा असेल, तर स्पर्श येतो ५.९ वर. निकेलवरून या सपाट माथ्यावर गेलं, की क्यू तेवढाच बाजूला नेऊनही फिरकीच्या प्रमाणात जवळजवळ वीस टक्क्यांचा तोटा. कडक टिप घासून गोल करणं कष्टाचं असतं, म्हणून ती बऱ्याचदा जशी आली तशीच सपाट ठेवली जाते आणि दोष तिच्या कृत्रिमपणाला जातो. तीच तुलना दोन्ही टिपा एका गोलाईला घासून, एकाच चॉकने करायला हवी.

ती करणं अवघड नाही. पांढऱ्या चेंडूच्या जागी पट्ट्याचा चेंडू ठेवा, पट्टा उभा आणि मारण्याच्या रेषेत. टिपेवर ताजा चॉक लावून मारा. चेंडूवर चॉकचा डाग उमटतो आणि टिप नेमकी कुठे लागली ते त्यावरून मोजता येतं. पट्टा किती वेगाने फिरतो ते आता मोबाइलच्या संथ चित्रणातही दिसतं. डाग एकाच जागी पडलेले फटके घ्या, बाकीचे सोडून द्या. टिपेवरचा वाद क्लबात तासन् तास चालतो. या चाचणीला एक दुपार लागते.

कडक टिप कमी फिरकी देते या समजाच्या विरुद्ध एक गोष्ट घडते तीही पाहण्यासारखी आहे. चामड्याची टिप आघातातली बरीच ऊर्जा स्वतः गिळते. तिचा प्रत्यास्थता-गुणांक साधारण ०.७३ धरला आणि फिनॉलिक या कडक रेझिनच्या टिपेचा ०.८५, तर १९ औंसांचा क्यू आणि सहा औंसांचा चेंडू यांच्या हिशोबात एकाच वेगाच्या फटक्यातून कडक टिपेचा चेंडू सुमारे सात टक्के जास्त वेगाने निघतो. फिरकीचं गुणोत्तर तेच, म्हणून फिरकीही सात टक्के जास्त. स्क्रू मारताना याचा आणखी फायदा होतो: वेगवान चेंडू कापडावर कमी वेळ घासतो आणि पोचेपर्यंत त्याची उलटी फिरकी कमी झिजते.

आता फिनॉलिकबद्दल. कृत्रिम टिपेविषयीची जवळजवळ सगळी नाराजी मुळात या एका पदार्थाविषयी आहे. फिनॉलिक रेझिन फार कडक असतं, चेंडूही त्याच जातीच्या रेझिनचा, त्यामुळे आघात रेझिनवर रेझिनचा होतो. चॉक तिच्यात रुतत नाही, आणि अशा टिपांनी चेंडूवर खुणा पडतात ही तक्रारही खोटी नाही. जंप क्यूला लावतात त्या काचतंतू आणि इपॉक्सीच्या टिपांची गत तीच. पूर्वपक्षातली जी दोन विधानं खरी असं मी म्हणालो ती हीच: या टिपा चॉक कमी धरतात, आणि त्या फार कडक आहेत. पण यातून निघणारा निष्कर्ष फिनॉलिकपुरता आहे. पॉलिमर रबराइतका मऊ करता येतो आणि हाडाइतका कडक. तंतूंचे थर देऊन, सच्छिद्र ठेवून त्याची रचना हवी तशी बांधता येते. कडकपणा हा एक गुण, कृत्रिमपणा हे निव्वळ मूळ. दोन्ही एकच धरल्यामुळे हा वाद इतकी वर्षं जागचा हललेला नाही.

ज्याला नैसर्गिक म्हणून डोक्यावर घेतलं जातं ते चामडंही पाहू. क्यूच्या टोकाला चामडं लावण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रांस्वा मिंगो या फ्रेंच सैनिकाला दिलं जातं, तेव्हा ती कमावलेल्या चामड्याची साधी चकती होती. आज मूरी, कामुई अशा जपानी टिपा मानाने वापरल्या जातात. त्या डुकराच्या कातड्याचे पातळ थर गोंदाने एकावर एक चिकटवून आणि दाबून केलेल्या असतात. कमावण्याची रसायनं, गोंद, दाब: यातली प्रत्येक पायरी चामड्याचा लहरीपणा काढून टाकण्यासाठी आहे. त्याआधी अमेरिकेतले खेळाडू मऊ टिपा दुधात भिजवून शेगड्यात आवळून कडक करायचे. चामड्यावर माणसाने इतकं काम केलं ते त्याच्या उणिवा त्याला ठाऊक होत्या म्हणूनच.

त्यातली सर्वात मोठी उणीव मुंबई-कोकणात खेळणाऱ्याला सांगावी लागत नाही. चामडं मुळात कोलॅजेन. हवेतला ओलावा ते शोषतं आणि सोडतं. जुलैतली टिप आणि जानेवारीतली टिप सारखी वागत नाही. ठोके बसून ती पसरते, कडा फेरूलच्या, म्हणजे टिपेखालच्या कडीच्या, बाहेर येतात, माथा सपाट होतो, आणि माथा सपाट झाला की काय होतं ते वरच्या आकड्यांत आलंच. एका पुडक्यातल्या दोन टिपांतही फरक सापडतो. ओलावा न शोषणारा, प्रत्येक नग सारखा निघणारा पदार्थ इथे खरोखर हवा आहे.

हाताला येणाऱ्या जाणिवेचा मुद्दा मी हलका मानत नाही. फटक्याचा कंप आणि आवाज यांवरूनच खेळाडू शिकतो. पण ती जाणीव हातातून मेंदूपर्यंत जायला पंधरा-वीस मिलिसेकंद लागतात. तोवर चेंडू टिपेपासून सुटून बराच काळ झालेला असतो. जाणीव फटका कसा बसला ते सांगते, तो फटका घडवत नाही. ती सवयीने घडते, आणि नव्या टिपेवर काही महिने खेळल्याशिवाय तिच्यावरून निवाडा देणं त्या टिपेवर अन्याय आहे.

मोठ्या खेळाडूंच्या दाखल्याला उत्तर त्यांच्याच टेबलावर आहे. विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जिंकले ते हस्तिदंती चेंडूंनी नव्हे, कृत्रिम चेंडूंनी. एकेकाळी हस्तिदंताशिवाय चेंडूच नाही असं मानलं जायचं. न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सची टेबलं बनवणाऱ्यांनी पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरांचं बक्षीस जाहीर केलं, जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचला, आणि पुढे रेझिनचा चेंडू इतका नेमका निघाला की हस्तिदंताची आठवण कुणी काढत नाही. यावरून टिपेचंही तसंच होईल हे सिद्ध होत नाही, ते मला मान्य आहे. विजेत्यांच्या हातात काय होतं यावरून पदार्थाची सीमा ठरत नाही, इतकंच त्यातून निघतं.

चामड्याची खरी सरशी आज एकाच ठिकाणी आहे. वापराने त्याचा माथा चकचकीत झाला की घासून तंतू पुन्हा उभे करता येतात आणि चॉक पुन्हा बसतो. ही पुन्हा खरबरीत होण्याची क्षमता कृत्रिम टिपेत झीज होईपर्यंत टिकवणं, हे काम अजून पुरं झालेलं नाही. या पदार्थांवर काम करणाऱ्यांनी लक्ष तिथे द्यायला हवं.

नियमांनी त्यांची वाट अडवलेली नाही. जागतिक पूल संघटनेच्या साहित्यविषयक नियमात टिप कमावलेल्या चामड्याची किंवा इतर तंतुमय वा लवचीक पदार्थाची असावी, चौदा मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी आणि चेंडूवर ओरखडे काढणारी नसावी, असं म्हटलेलं आहे. स्नूकरच्या नियमात टिपेच्या पदार्थाचं नावही नाही. अनेक क्लबांच्या भिंतींवर मात्र सरसकट ‘कृत्रिम टिप चालणार नाही’ अशी पाटी असते. चेंडू जपण्याची त्यांची काळजी रास्त आहे. त्यांनी ती पाटी काढून तिथे टिपेच्या कडकपणाची वरची मर्यादा लिहावी आणि चेंडूवर खूण पडते की नाही याची चाचणी ठेवावी. चामड्याच्या टिपेलाही तीच लावावी.