श्वास, वय आणि चाल

"वय झालें, आतां दम लागायचाच," हें वाक्य आपल्या घरांतून वारंवार ऐकूं येतें. त्यांत सत्य किती आणि गैरसमज किती, याचा निवाडा करण्यास वैद्यकशास्त्राला दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. त्या वर्षांची हकीकत आज मी थोडक्यांत सांगणार आहें. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळामास्तर होतों. परंतु एखादा धडा मनुष्यजात कशी शिकली, हें सांगणें मास्तराच्या अधिकाराबाहेरचें नसावें.

आरंभ लंडन शहरीं होतो. जॉन हचिन्सन या शल्यवैद्यांनीं १८४६ सालीं स्पायरोमीटर नांवाच्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. पाण्यांत उपडें ठेवलेलें एक भांडें. नळीनें त्यांत श्वास सोडला, कीं तें वर उचललें जाई आणि छातींतून किती हवा बाहेर पडली, हें पट्टीवर कळे. खलाशी, पोलिस, पहिलवान, भिकारी, प्रतिष्ठित गृहस्थ अशा दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास त्यांनीं मोजला. उंचीबरोबर हें माप वाढतें आणि उतारवयांत तें घटतें, असें त्यांना आढळलें. या मापाला त्यांनीं 'व्हायटल कपॅसिटी', म्हणजे जीवनक्षमता, असें नांव दिलें. विमा उतरविणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. श्वासाची आणि आयुर्मानाची सांगड आकड्यांत बसविण्याचा हा प्रयत्न होता.

श्वास वयाबरोबर घटतो, हें ठरलें. पण वय म्हणजे तरी काय? आपलें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. त्या पेशी स्वतः म्हाताऱ्या होतात काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या प्रश्नाला 'नाहीं' असें उत्तर मिळालें होतें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें ॲलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ च्या जानेवारींत कोंबडीच्या गर्भांतील हृदयाचा कण काचेच्या भांड्यांत वाढविण्यास ठेवला. त्यांतील पेशी वर्षामागून वर्षें वाढत राहिल्या. कॅरेल १९४४ सालीं वारले, तरी प्रयोग चालूच होता. तो १९४६ सालीं थांबविण्यांत आला. कॅरेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी असल्यामुळें त्यांच्या शब्दाला वजन होतें. पेशी मुळांत अमर असते, असा समज त्यामुळें रूढ झाला.

हा समज १९६१ सालीं ढांसळला. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनीं दाखवून दिलें, कीं मानवी गर्भाच्या पेशी सुमारें पन्नास वेळां विभागतात आणि मग विभागण्याचें थांबतात. दोष पोषक द्रवांत तर नसेल? ही शंका फेडण्यासाठीं त्यांनीं एक सुंदर युक्ति योजिली. पुष्कळ वेळां विभागलेल्या पुरुष-पेशी आणि थोड्याच वेळां विभागलेल्या स्त्री-पेशी त्यांनीं एकाच भांड्यांत वाढविल्या. कांहीं काळानें पाहतात तों भांड्यांत केवळ स्त्री-पेशी उरल्या होत्या. द्रव तोच, भांडें तेंच. म्हणजे मोजणी पेशीच्या आंतच चालली होती. कॅरेलांच्या भांड्यांत पोषक रसाबरोबर ताज्या पेशी मिसळल्या जात असाव्यात, असें हेफ्लिक यांचें म्हणणें पडलें. योगायोग असा, कीं पुढें जगभर वापरला गेलेला त्यांचा 'डब्ल्यू. आय. ३८' हा पेशीसमूह १९६२ सालीं गर्भाच्या फुप्फुसांतूनच घेतलेला होता.

ही मोजणी ठेवतें कोण? मॉस्कोचे अलेक्सेइ ओलोव्निकोव्ह यांनीं १९७१ सालीं तर्क मांडला, कीं प्रत्येक विभाजनाच्या वेळीं गुणसूत्राचें टोंक किंचित् तोकडें होत असावें. पदराच्या दशा उसवूं नयेत म्हणून आपण त्यांना गांठी मारतों. गुणसूत्राच्या टोंकालाही तसेंच एक संरक्षण असतें. त्यास टेलोमिअर म्हणतात. त्याचें स्वरूप आणि त्याची दुरुस्ती करणारें द्रव्य यांच्या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ही टोंकें फारच तोकडीं झालीं, कीं पेशी विभागेनाशी होते. ती मरत नाहीं, पण झीजही भरून काढीत नाहीं. उलट दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सभोंवार सोडीत राहते.

आतां पुन्हां फुप्फुसाकडे वळूं. ज्या जुनाट विकारास आज डॉक्टर सी. ओ. पी. डी. म्हणतात, त्यांत श्वासनलिका अरुंद होतात आणि पुष्कळदां वायुकोशांच्या नाजूक भिंती विरून जातात. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनीं लंडनमधील शेंकडों कामकरी पुरुषांचा श्वास आठ वर्षें मोजून १९७७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. श्वास सर्वांचाच वयाबरोबर घटतो. परंतु धूम्रपान ज्यांना बाधतें, त्यांचा तो फार वेगानें घटतो. धूम्रपान सोडलें, तर गेलेला श्वास परत येत नाहीं, मात्र घसरणीचा वेग निरोगी माणसाइतकाच होतो. पुढें जपानमधील त्सुजी, आओशिबा आणि नागाई यांनीं २००६ सालीं दाखविलें, कीं अशा रोग्यांच्या वायुकोशांतील पेशींत टेलोमिअर तोकडे झालेले असतात आणि पेशींच्या वार्धक्याचीं चिन्हें अधिक दिसतात. धुरामुळें फुप्फुस अकालीं म्हातारें होतें, या म्हणण्याला असा पेशींतूनच पुरावा मिळाला.

धूर म्हटला, कीं आपल्याला विडी-सिगारेट आठवते. पण दिल्लींत डॉ. पद्मावती यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जुनाट फुप्फुसविकारामुळें हृदयावर ताण पडलेल्या स्त्रियांचा विचार करतांना चुलीच्या धुराकडे बोट दाखविलें. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनींही पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत, धूम्रपान न करणाऱ्यांना हा रोग कसा जडतो, याची सविस्तर चर्चा केली. आपल्या कित्येक आजीबाईंनीं विडीला कधीं हात लावला नाहीं. तरी लांकडें आणि गोंवऱ्या फुंकण्यांत त्यांचा जन्म गेला. त्यांच्या धापेला 'वय' म्हणून मोकळें होणें हा त्यांच्यावर अन्याय होय.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, पेशीच थकल्या, तर मग रोग्यानें स्वस्थ पडून राहावें हें बरें. वैद्यांनाही पुष्कळ काळ असेंच वाटत होतें. धाप लागते ना, मग हालचाल नको, असा सल्ला दिला जाई. न्यूयॉर्कचे ॲल्व्हन बॅरॅक यांनीं १९५२ सालीं निराळा अनुभव नोंदविला. प्राणवायूच्या साह्यानें रोज थोडें चालविलेल्या रोग्यांची धाप कमी होत गेली आणि कांहीं दिवसांनीं ते प्राणवायूवांचूनही पूर्वींपेक्षां अधिक चालूं लागले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत डेन्व्हर येथें टॉमस पेटी यांनीं अशा रोग्यांसाठीं चालणें, श्वसनाचे व्यायाम आणि प्राणवायू यांची पद्धतशीर योजना आंखली.

यांतील नवलाची गोष्ट अशी, कीं व्यायामानें रोगी अधिक चालूं लागला, तरी स्पायरोमीटरवरील आंकडा जवळजवळ तोच राहतो. मग सुधारणा झाली कोठें? उत्तर पायांत सांपडलें. धापेच्या भयानें माणूस बसून राहतो. बसल्यामुळें मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंत आम्ल लवकर सांचतें, त्यामुळें श्वास अधिक घ्यावा लागतो. आणि धाप वाढली म्हणून माणूस आणखी बसतो. कॅनडामधील फ्रान्स्वा माल्तॅ यांनीं १९९६ सालीं दाखविलें, कीं नियमित व्यायामानंतर अशा रोग्यांच्या मांडीच्या स्नायूंत प्राणवायूचा उपयोग करणारीं द्रव्यें वाढतात आणि श्रमाच्या वेळीं आम्ल कमी सांचतें. २०१५ सालीं ६५ चाचण्यांतील ३,८२२ रोग्यांचा एकत्र विचार झाला. त्यांतही व्यायामयुक्त उपचारानें धाप, थकवा आणि चालण्याची शक्ति यांत सुधारणा होते, असेंच दिसून आलें.

हचिन्सन यांच्या मापाचें काय झालें? तें आजही आवश्यक आहे. परंतु बार्तोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें, कीं रोग्याच्या आयुष्याचा अंदाज केवळ श्वासाच्या मापावरून बांधण्यापेक्षां त्याच्या जोडीला शरीराची पुष्टि, धापेचें प्रमाण आणि सहा मिनिटांत तो किती अंतर चालतो, या गोष्टी धरल्या तर अंदाज अधिक बरोबर येतो. माणसाच्या आयुष्याचा हिशेब छातीबरोबर त्याच्या चालीवरही मांडला पाहिजे, हें असें सिद्ध झालें.

श्रोतेहो, विरलेले वायुकोश व्यायामानें पुन्हां उगवत नाहींत. तशी आशा कोणी दाखविल्यास तिच्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु पाय शिकतात, आणि साठीनंतरही शिकतात. घरांतील वडीलमाणसाला धाप लागत असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून त्याचा श्वास मोजून घ्यावा. घरांतील धूर, मग तो चुलीचा असो वा सिगारेटचा, बंद करावा. आणि डॉक्टर सांगतील त्या बेतानें त्याला रोज चालवावें. मध्यें थांबावें लागलें तर थांबावें, पुन्हां निघावें. आपण मायेनें खुर्ची पुढें करतों. तीच माया हात धरून अंगणांत दोन फेऱ्या घालण्यांत दाखविली, तर त्या माणसाच्या पदरांत अधिक कांहीं पडेल.